सूचना: नोंदणी दोन्हीकडे करा

सर्व सभासदांना नमस्कार.

सरकारी रोजगार केंद्रात नाव नोंदवलं की खाजगी एजन्सीकडे जाता येत नाही, असा काहींचा समज दिसतो. तसं काही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या करार क्र. १८१ मधलं कलम १३ तर या दोघांमधल्या सहकार्याबद्दलच आहे. काही देशांत केंद्रच उमेदवार एजन्सीकडे सोपवतं आणि तो कामावर काही महिने टिकला की मगच एजन्सीला पूर्ण मोबदला मिळतो. म्हणजे तुम्ही टिकावं ही त्यांचीही गरज!

पैशांचं मात्र नीट वाचा. याच कराराचं कलम ७ सांगतं की एजन्सीने उमेदवाराकडून थेट किंवा आडमार्गाने फी घेऊ नये. अपवाद आहेत, पण ते सरकारने ठरवायचे, एजन्सीने नव्हे. ‘फाइल चार्ज’ मागितला तर आधी केंद्रात विचारा.

दोन्हीकडे बायोडेटा एकच द्या. मागे आपल्या एका सभासदाने केंद्रात जुना मोबाईल नंबर तसाच ठेवला होता. मुलाखतीचा फोन त्या बंद नंबरवर गेला, जागा गेली. आपला नंबर आजच तपासा, आणि बदल केल्यावर गटावर नुसतं ‘झालं’ एवढं टाका.