गिफर्डची नदी रंगवताना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

सॅनफर्ड गिफर्ड या अमेरिकन निसर्गचित्रकाराच्या ‘हुक माउंटन’ची प्रत करायला घेतोयस, तर आधी एक ऐक: कॅनव्हास मोठा ताणू नकोस. १८६६ सालचं हे चित्र येल विद्यापीठाच्या कलादालनात आहे आणि ते जेमतेम ८ इंच उंच, १९ इंच रुंद आहे. चित्रातला हा डोंगर न्यूयॉर्क राज्यातल्या नायॅक गावाजवळचा; तिथे हडसन नदी अशी पसरते की खाडीच वाटावी. तो पसारा त्या आडव्या आकारातच आलाय. आकार वाढवलास की मधलं पाणी ओकंबोकं वाटेल, आणि मग तू तिथे एखादी होडी घुसडशील. तुला ओळखतो ना मी!

गिफर्ड काम कसं करायचा, हे शेल्डन नावाच्या लेखकाने १८७७ मध्ये छापून ठेवलंय. पांढऱ्या कॅनव्हासला तो टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, हात द्यायचा आणि त्यावर पांढऱ्या खडूने रेखाटन करायचा. पॅलेटवर मोजकेच रंग: पांढरा, कॅडमियम यलो, व्हर्मिलियन, मॅडर लेक, रॉ आणि बर्न्ट सिएना, एक तपकिरी आणि परमनंट ब्लू, म्हणजे आपला अल्ट्रामरीन. मॅडर लेक हा गुलाबीसर लाल उजेडात उडतो, त्याऐवजी तशाच छटेचा, पण टिकाऊ क्विनाक्रिडोन घे. व्हर्मिलियनच्या जागी कॅडमियम रेड लाइट चालेल.

आता खरी मेख. गिफर्ड पहिला हात क्षितिजालगतच्या आभाळाला घालायचा. चित्राचा सूर तिथेच ठरतो. डोंगर, काठ, पाणी सगळं त्या रंगाशी ताडून लावायचं. आपण उलट करतो. गडद डोंगर आधी उभा करतो आणि मग त्याच्या मागे हवा भरायला बघतो. ती भरत नाही. क्षितिजाचा रंग सुरीवर घेऊन डोंगराच्या मिश्रणाशेजारी धर. डोंगर फारच उठून दिसला, तर त्यात काळपट रंग नको, तोच क्षितिजाचा रंग मिसळ.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण प्रती तिथेच फसतात. डोंगर उलटा करून खाली चिकटवला की प्रतिबिंब झालं, असं नसतं. पाण्यात दिसणारा डोंगर जणू पाण्याच्या पातळीखालून पाहिलेला असतो, त्यामुळे काठापासून मागे सरलेला उतार त्यात कमी दिसतो. गडद भाग पाण्यात किंचित उजळतो, आभाळ किंचित मंदावतं. आधी सगळे फटकारे उभे मार. रंग ओला असतानाच कोरड्या, मऊ, रुंद ब्रशने एकदाच आडवा हात फिरव. दोनदा फिरवलास की चिखल. काठाची उजळ रेघ अगदी शेवटी, आणि तीही तुटक.

धुक्याचा पडदा गिफर्ड वरून द्यायचा: उकळलेल्या तेलाचे किंवा तशाच अर्धपारदर्शक द्रव्याचे थरावर थर. हे मात्र जसंच्या तसं उचलू नकोस. जवसाचं तेल काळाने पिवळं पडतं, आणि खालचा रंग पुरता वाळलेला नसेल तर वरचा थर तडकतो. १ भाग स्टँड ऑइल (तापवून दाट केलेलं जवसाचंच तेल, पण ते कमी पिवळं पडतं) आणि २ भाग टर्पेंटाइन घे, त्यात सुईच्या टोकाएवढा पांढरा आणि त्याहून कमी कॅडमियम यलो. असे दोन, फार तर तीन हात दे. खालच्या थरांत तेल कमी, वर जास्त, हा क्रम मोडू नकोस. पुढचा थर देण्याआधी बोट टेकवून बघ. चिकटलं तर थांब. पावसाळ्यात तर वाळायला आणखीच वेळ लागतो, म्हणून दिवाळीनंतर सुरू केलंस तर बरं. शेवटचं व्हार्निश सहा महिने तरी देऊ नकोस.

आणि पहिला थर झाला की दिवसाउजेडी काढलेला फोटो पाठव, ट्यूबलाइटखालचा नको. क्षितिज थंड, म्हणजे निळसर पडलं असेल तर तेव्हाच सुधारता येईल.

तुझा,
अविनाश