दोन्ही आकडे कळव

उद्यमनगर, कोल्हापूर

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

स्वारगेटला बस सुटली तेव्हा ठरवलं होतं, पोराच्या मागं लागायचं नाही. पेठनाक्यापर्यंत टिकलं.

त्या मंगळवारी सिस्टरनं बीपी १००–८० सांगितलं आणि तू म्हणालास, "नॉर्मल आहे बाबा, तापही उतरलाय." मीपण मान डोलवली. डॉक्टरांनी मात्र लगेच सलाइन लावलं. डेंग्यूत ताप उतरायच्या वेळीच रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं. शिरा आवळतात, खालचा आकडा चढतो, वरचा तग धरून असतो. दोघांतला फरक चाळीसच्या आसपास पाहिजे, तुझा २० वर आला होता. आणि आपण वरचाच आकडा बघत बसलो.

नानांच्या वेळी तेच. शिरोली नाक्यावर गाडीवरून पडले, अंगावर धड ओरखडा नाही. ११०–९०. बरं आहे म्हणून कुणीतरी चहा सांगितला. रक्त आत पोटात चाललं होतं. त्यांचा पंजा माझ्या हातात होता, पंचगंगेत बुडवून काढल्यासारखा गार. हे तुला लिहायचं नव्हतं.

माझं उलटं. १७०–७०, म्हणजे फरक १००. वयानं धमन्या कडक झाल्यात म्हणे. लेथवाल्या माणसाला तेवढं कळतं: नवा रबरी पाइप धक्का पोटात घेतो, वाळलेला तसाच पुढं ढकलतो. तरी डॉक्टरांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघितलं, हृदयाची झडप गळते का म्हणून इको काढला. त्यानंही फरक वाढतो. झडप ठीक आहे. तांबडा रस्सा तेवढा अळणी झालाय, आणि तुझी आई तो वाढून माझं तोंड बघत बसते.

लेक्चर झालं, माफ कर. घरी सोडलंय म्हणजे संकट टळलं, हे मलाही कळतं. तरी पोट दुखलं, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले तर ऑफिसचं बघत बसू नको, सरळ दवाखाना गाठ. अंगदुखीची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नको.

तुझ्या पहिल्या पगाराच्या मशीनवर आता निम्मी गल्ली बीपी मोजून जाते. कुणी आणलं, हे मी न विचारता सांगतो. तसलंच एक तुझ्या कपाटात ठेवलंय, टॉवेलखाली.

तुझे बाबा

ता. क. आज माझं १६४–७२. फरक तू काढ, आणि तुझे दोन्ही आकडे कळव.