अमेय जोहान्सबर्गला निघालाय म्हणून

लागोस, नायजेरिया,
१८ जानेवारी २०२६

प्रिय सदा,

परवा फोनवर तू विचारलंस, "अमेयला जोहान्सबर्गची ऑफर आलीय, पण तिथे बाहेरच्यांना मारतात म्हणे. पाठवू की नको?" आणि नेमकी लाइन तुटली. व्हॉट्सॲपवर दोन ओळींत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहायला बसलोय. रविवार आहे, बाहेर हर्मटानची धूळ एवढी की समोरची इमारत धड दिसत नाही. वेळच वेळ आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो: पाठव. अमेयला परदेशी म्हणून कोणी बोटही लावणार नाही. सँडटनसारख्या श्रीमंत भागात ऑफिस, कंपनीचा फ्लॅट, गेटवर सिक्युरिटी. चोऱ्यामाऱ्या आहेत, सिग्नलला गाडीच्या काचा वर ठेवाव्या लागतात, ते तो आठवड्यात शिकेल. तिथे परदेशी म्हणून मार खाणारा माणूस वेगळा असतो. झिंबाब्वेचा वेटर, मोझांबिकचा गवंडी, मलावीचा माळी, सोमाली दुकानदार, नायजेरियाचा मोबाइलवाला. जर्मनीहून आलेला गोरा इंजिनिअर कुणाच्या डोळ्यात खुपत नाही. बांगलादेशी-पाकिस्तानी किराणावालेही लुटले जातात, पण ते काळ्यांच्या गरीब वस्तीत दुकान थाटून बसतात म्हणून. अमेय काही तिथे राहायला जाणार नाही. तू बाप आहेस, तुला हे ऐकून हायसं वाटेल. मला मात्र हे लिहिताना बरं वाटत नाहीये, हे खरं.

२००८ च्या मे महिन्यात जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीतून हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पेटलं. ६२ माणसं मेली, हजारो बेघर झाली, सैन्य उतरवावं लागलं. जमाव माणसाला अडवून कोपर दाखवायचा आणि झुलू भाषेत याला काय म्हणतात ते सांग म्हणायचा. सांगता आलं नाही की संपलं. पण त्या ६२ जणांतले २१ दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते! कोणी लहान जमातीतला, कोणी परदेशी बाई केलेला, कोणी मारहाणीत सामील व्हायला नकार दिलेला. कोपराचा शब्द स्वतःच्या देशातल्या माणसालाही येईल असं थोडंच आहे, तिथे राजभाषाच तेव्हा अकरा होत्या. (आपण नाकं मुरडायला नकोत. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईत रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या पोरांना परीक्षा केंद्रांवर जाऊन कोणी बडवलं, ते तुला आठवत असेल.)

मी जे जवळून पाहिलं ते २०१९ चं, आणि तेही इथून, लागोसमधून. ऑगस्टच्या शेवटी प्रिटोरियात एका टॅक्सीवाल्याला गोळी घातली गेली. मारणारा परदेशी ड्रगवाला, अशी बोलवा झाली आणि दुकानं फुटायला लागली. १ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या जेप्सटाउनमध्ये इमारतीला आग लागली आणि मग आवरेना. आमच्या कारखान्यात ती बातमी कळली ती फोनवरच्या व्हिडिओंनी. आमचा स्टोअरकीपर इथल्या अनांब्रा राज्यातला, इग्बो जमातीचा, त्याचा धाकटा भाऊ जोहान्सबर्गला मोबाइलचे सुटे भाग विकायचा. तो बिचारा दिवसभर फोन लावत होता आणि अधूनमधून येऊन मला स्क्रीन दाखवत होता. त्यातल्या एका व्हिडिओत पेटलेल्या इमारतीतून मुलं खाली उड्या टाकत होती. "बघा ओगा (म्हणजे साहेब), आमच्या लोकांना कसं जाळतायत!" मी दोन सेकंदांत ओळखलं. सुरतचं ते कोचिंग क्लासचं जळीत होतं, त्याच वर्षीच्या मे महिन्यातलं, २२ मुलं गेली होती त्यात. आपल्या टीव्हीवर तो व्हिडिओ किती वेळा दाखवला होता, आठव. मी त्याला समजावून सांगितलं, पाटीवरची गुजराती अक्षरं दाखवली असती पण चित्र एवढं धूसर की काही दिसेना. त्याने मान डोलावली आणि जेवणाच्या सुट्टीत तोच व्हिडिओ आणखी चौघांना दाखवला. भाऊ फोन उचलत नसताना माणूस कुणाचं ऐकतो?

३ सप्टेंबरला लागोसच्या लेक्की भागातल्या मॉलमधलं शॉपराइट फुटलं. शॉपराइट म्हणजे दक्षिण आफ्रिकेची सुपरमार्केटची साखळी. त्याच सुमारास इबादानला एमटीएन या दक्षिण आफ्रिकेच्याच मोबाइल कंपनीच्या दुकानावर हल्ला झाला, एमटीएनने देशभरातली दुकानं बंद ठेवली. आता गंमत अशी की त्या शॉपराइटमध्ये काउंटरवर बसणारी, माल लावणारी, झाडू मारणारी सगळी पोरं-पोरी नायजेरियन. शेल्फवरचा बराचसा मालही इथलाच. आमचे प्लास्टिकचे मग आणि बादल्या होत्या की तिथे! दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला एकजण आमच्याच निळ्या बादल्या एकात एक घालून निम्म्या भावात विकत बसला होता. मी ड्रायव्हरला म्हटलं, गाडी थांबवू नको. काय बोलणार होतो मी त्याच्याशी?

दक्षिण आफ्रिकेतही तेच. राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी ५ सप्टेंबरला सांगितलं की किमान दहा माणसं दगावली, त्यांत परदेशी दोन. म्हणजे आठ त्यांचीच.

यापुढे दोन्ही सरकारांचं नाटक सुरू झालं. नाटक म्हणतोय खरा, पण त्या आठवड्यात ते फार गंभीर वाटत होतं. केपटाउनला जागतिक आर्थिक मंचाची आफ्रिकेची बैठक भरली होती. नायजेरियाचे उपराष्ट्राध्यक्ष ओसिनबाजो जाणार होते, ते गेले नाहीत. दक्षिण आफ्रिकेने अबुजातलं उच्चायुक्तालय आणि लागोसचं वाणिज्य दूतावास दोन्हींना तात्पुरतं टाळं लावलं. झांबियाने त्यांच्याशी ठरलेला फुटबॉलचा सामना रद्द केला. तिकडच्या परराष्ट्रमंत्री नालेदी पँडोर टीव्हीवर बोलताना बोलून गेल्या की नायजेरियाचे बरेच लोक आमच्याकडे ड्रग विकतात हेही वास्तव आहे, आणि इथे आगीत तेल पडलं. तसे विकणारे आहेतच, नाही कशाला म्हणू? पण ते पकडायचं काम पोलिसांचं. तिथले हप्तेखाऊ पोलीस ते करत नाहीत, आणि ज्या गल्लीत पोरांना काम नाही त्या गल्लीला समोरच्या दुकानातला परका माणूस आयता सापडतो. त्या वर्षी तिथली बेकारी २९ टक्क्यांच्या घरात होती. पुढाऱ्यांना तर निवडणुकीआधी परक्यावर बोट दाखवलं की पाणी-वीज-घरं यांची उत्तरं द्यावी लागत नाहीत. २०१५ ला डर्बनकडे दंगल पेटली, त्याच्या आधी झुलूंचे राजे झ्वेलिथिनी यांनीच परदेशी लोकांनी गाशा गुंडाळून जावं असं भाषण केलं होतं. नंतर म्हणाले, माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला.

इथल्या जुन्या लोकांना या सगळ्याचा जो संताप येतो, तो मारहाणीपेक्षा उपकार विसरल्याचा जास्त. आमचे एक म्हातारे हिशेबनीस होते, आता निवृत्त झाले. ते सांगायचे, १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत गोऱ्या सरकारने काळ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार केला, त्यानंतर इथे त्यांच्यासाठी निधी उभा केला गेला, सरकारी नोकरांच्या पगारातून पैसे कापले जायचे, विद्यार्थी एक जेवण सोडून पैसे द्यायचे. त्याला मंडेला टॅक्स म्हणायचे. थाबो एम्बेकी पुढे दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, ते त्या काळात इथे राहून काम करत होते. १९७९ ला नायजेरियाने ब्रिटिश पेट्रोलियमचा इथला धंदाच ताब्यात घेतला, का, तर त्यांचं तेल तिथल्या वर्णद्वेषी सरकारला जातं म्हणून. झांबियाच्या लुसाकात मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचं मुख्यालय होतं, मोझांबिकने आसरा दिला, आणि दोघांनी त्यापायी गोऱ्या सरकारचे हल्ले सोसले. आणि त्याही आधी, जवळजवळ शंभर वर्षं, जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणी खणल्या कुणी? मोझांबिक, मलावी, लेसोथोच्या मजुरांनीच. त्यांच्या नातवंडांना आता "चालते व्हा".

पण हिशेबनीसबुवांना मी एकदा १९८३ ची आठवण करून दिली, तेव्हा ते गप्प झाले. तेलाचे भाव कोसळले आणि इथल्या शगारी सरकारने जानेवारीत फर्मान काढलं: कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांनी देश सोडावा. सुमारे वीस लाख माणसं गेली, निम्मी घानाची. आपल्याकडे गावाला जाताना लोक ती निळ्या-लाल चौकटींची, चेनवाली प्लास्टिकची मोठी पिशवी नेतात ना, तिला इथे अजून "घाना मस्ट गो" म्हणतात. आणि घानाने तरी काय, १९६९ मध्ये नायजेरियन लोकांना असंच हाकललं होतं. म्हणजे सोज्वळ कोणीच नाही.

तर तो स्टोअरकीपरचा भाऊ. एअर पीस नावाच्या इथल्या खासगी विमान कंपनीने फुकट आणायची तयारी दाखवली आणि ११ सप्टेंबरला पहिलं विमान आलं, पावणेदोनशेच्या वर माणसं घेऊन. उशिरा आलं, कारण तिकडच्या अधिकाऱ्यांनी विमानतळावरच कागदपत्रांवरून लोकांना अडवून ठेवलं होतं. जायला सांगायचं आणि जाऊही द्यायचं नाही! भाऊ उतरला, हातात तीच चौकटींची पिशवी. स्वागताला कॅमेरे, अधिकारी, टॉकटाइम भरलेलं सिमकार्ड, सरकारी बँकेकडून कर्जाचं आश्वासन. पुढे तो महिनोन्महिने कर्जासाठी खेटे घालत राहिला. मग भावाकडे, म्हणजे आमच्या स्टोअरमध्ये, हंगामी कामाला लागला. फार शांत पोरगा. स्क्रूंची खोकी अशी लावायचा की लेबल सगळी एका रेषेत.

त्याच दरम्यान हरारेला झिंबाब्वेचे माजी राष्ट्राध्यक्ष मुगाबे यांच्या अंत्यविधीला रामाफोसा गेले, तर स्टेडियमने त्यांची हुर्यो उडवली. भाषण थांबवून त्यांनी आधी माफी मागितली, तेव्हा कुठे लोक शांत झाले. मग त्यांचे दूत जेफ राडेबे अबुजाला आले, नायजेरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुहारी यांची माफी मागून गेले. ऑक्टोबरात बुहारी प्रिटोरियाला गेले, हस्तांदोलनं झाली, पुन्हा असं होऊ नये म्हणून पूर्वसूचना देणारी यंत्रणा उभारायचं ठरलं. संबंध पूर्ववत. मी त्या पोराला विचारलं, तुझ्या दुकानाचं काय झालं, कोणी काही भरपाई? तो नुसता हसला. माफी राष्ट्राध्यक्षाने राष्ट्राध्यक्षाची मागितली होती, त्याच्या काउंटरच्या काचेचा त्यात विषयच नव्हता.

दोनेक वर्षांनी तो परत जोहान्सबर्गला गेला. हो, तिथेच. म्हणाला, इथे उपाशी मरण्यापेक्षा तिथे घाबरून जगलेलं बरं, धंदा होतो निदान. त्याच सुमारास तिकडे सोवेटोतून ऑपरेशन डुडुला नावाची परदेशी लोकांना हाकलायची चळवळ सुरू झाली होती. ही माणसं रस्त्यात कागदपत्रं मागायची, सरकारी दवाखान्याच्या दारात उभं राहून परदेशी बायकांना आत सोडायची नाहीत. गेल्या नोव्हेंबरात तिथल्या उच्च न्यायालयाने त्यांना बजावलं की कागदपत्रं विचारायचा अधिकार तुमचा नाही. आदेश चांगला आहे. दवाखान्याच्या दारात मात्र न्यायाधीश उभे राहत नाहीत.

आता तुझ्या म्हापशाकडे येतो, रागावू नको. ऑक्टोबर २०१३ मध्ये पर्रा गावात एका नायजेरियनचा खून झाला आणि त्याच्या लोकांनी पर्वरीला हायवे रोखला. त्या कोंडीत तूही अडकला होतास आणि रात्री मला ईमेलवर शिव्यांची लाखोली लिहिली होतीस. एका मंत्र्याने नायजेरियन म्हणजे कॅन्सर असं म्हटलं, मग दिलगिरी. लगेच त्यांच्या दूतावासातल्या एका अधिकाऱ्याने सुनावलं, आमच्या लोकांना घरांतून काढणं थांबवलं नाही तर नायजेरियातले हजारो भारतीय रस्त्यावर येतील. तुमच्याकडे ती एका दिवसाची बातमी होती. इथे आमच्या मालकांनी सगळ्या भारतीयांना सांगितलं, काही दिवस बाजारात जाऊ नका, एकटे फिरू नका. मी नवा होतो. भाजी आणायची तर वॉचमनला पैसे देऊन मागवत होतो, आणि तो वॉचमन इमानाने सुटे पैसे परत आणून देत होता. २०१७ ला ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घुसून मारलं, तेव्हा अबुजात आपल्या उच्चायुक्तांना बोलावून घेतलं गेलं, आणि दिल्लीतल्या आफ्रिकी राजदूतांनी मिळून हा वंशद्वेष आहे असं लेखी कळवलं. आपलं सरकार म्हणालं, चौकशी होईपर्यंत तसं म्हणता येणार नाही. त्याही वेळी इथे मला कोणी काही केलं नाही. पण बँकेतली एक बाई फॉर्म परत देताना म्हणाली, "तुमच्याकडे आम्हाला खोली देत नाहीत ना?" काय सांगू तिला? देत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. तुझा वरचा मजला रिकामा होता तेव्हा दलालाला तू काय अट घातली होतीस, ते मला तूच हसत हसत सांगितलं होतंस.

असो. अमेयला म्हण, पगार रँडमध्ये किती आणि घरभाडं कंपनी देणार की तो, हे आधी लेखी घे. वर्क परमिट हातात आल्याशिवाय आत्ताची नोकरी सोडायची नाही. तिकडच्या गृहखात्यात कागद महिनोन्महिने पडून राहतात. तो पोहोचला की स्टोअरकीपरच्या भावाचा नंबर देतो. फोन बिघडला तर तो मूळ पार्ट घालतो, आणि शहरात कुठल्या दिवशी कुठल्या बाजूला फिरकू नये हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. त्याचं आता पुन्हा दुकान आहे, या वेळी लोखंडी शटरचं.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? तारीख कळव. एप्रिलमध्ये येतोय, येताना तुला हवं असलेलं ते कडू कोलाचं बी आणतो, मागच्या वेळी थुंकून टाकलं होतंस तरी.

तुझा,
विन्या