मुंबईचा प्लेग आणि बंद दारे

प्रिय अविनाश यास,

सप्रेम नमस्कार. क्षयरोगाच्या पाहणीला गेलेल्या तुझ्या माणसांना लोक दार उघडत नाहीत, आणि उघडलेच तर ‘आमच्याकडे कोणी आजारी नाही’ म्हणून वाटेला लावतात, हे तू कळवलेस. त्याचे कारण अडाणीपणा, असे तू लिहितोस. ते मात्र मला पटत नाही. मुंबईतल्या 1896 च्या प्लेगविषयी मी सध्या वाचतो आहे, म्हणून त्यातलेच चार शब्द लिहितो.

त्या सप्टेंबरात मांडवीतल्या रोग्यांना गाठीचा ताप, म्हणजेच प्लेग आहे, हे मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. ऑक्टोबरच्या आरंभीच नगरपालिकेने रोग्याला सक्तीने इस्पितळात हलवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. गटारे धुतली गेली, अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपरांची कौले काढली गेली; हे सगळे लोकांनी कुरकुरत का होईना सोसले. पण आर्थर रोडच्या इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नसे, आणि आत त्याचे काय होते हे घरच्यांना दिसत नसे. मग व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले, त्याच्या सुडापायी रोग्यांची काळजे काढून तिला पाठवतात, अशी अफवा पसरली. 29 ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले, आणि दुसऱ्याच दिवशी सक्तीचा नियम सैल करावा लागला. सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरातून पुढल्या काही महिन्यांत निम्म्याच्या जवळपास लोक गावोगाव निघून गेले.

माझ्या मते खरा फरक पडला तो निरनिराळ्या समाजांनी आपापली इस्पितळे उघडली तेव्हा. पारशांचे, हिंदूंचे, जैनांचे, मुसलमानांचे असे एकेक इस्पितळ उभे राहिले. तिथे आपल्या हातचे अन्न मिळे, नातलगांना रोग्याजवळ बसता येई, बायकांचा पडदा राखला जाई. औषध तिथेही फारसे नव्हते आणि माणसे तिथेही दगावत होती, पण रोगी लपवण्याचे कारण पुष्कळसे उरले नाही. लस तयार करणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. तिच्याविषयी खोजा मुसलमानांची भीती कमी झाली ती त्यांचे धर्मगुरू आगाखान यांनी सर्वांदेखत टोचून घेतल्यावर. अर्थात ज्या जातीला कोणी शेटजी नव्हता, तिच्या नशिबी आर्थर रोडच होते, आणि या व्यवस्थेचे गोडवे गाताना ते विसरून चालणार नाही.

पुण्यात त्याच सुमारास प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत गोरे शिपाई देवघरापर्यंत शिरले, त्याचा शेवट तुला ठाऊकच आहे. त्याच पुण्याबाहेर यशवंत फुल्यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

तेव्हा पुढच्या फेरीत प्रत्येक वाडीतले, आजारातून उठलेले एखादे माणूस तुझ्या कर्मचाऱ्यांबरोबर पाठवता येईल का, ते पाहा. आणि रोग्याची थुंकी तपासायला नेली की अहवाल त्याच्याच हाती मिळतो, की तो तालुक्याच्या फायलीतच राहतो, हे मला जरूर कळव.

तुझा,
सदानंद