गोळी थांबवायची कशी, तेही कागदावर लिहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑपरेशननंतर घरी सोडताना जो कागद हातात देतात, त्यावर गोळी कधी घ्यायची ते सगळं असतं. सकाळ, दुपार, रात्र, जेवणाआधी की नंतर. ती बंद कशी करायची, ते नसतं. निदान आमच्या कागदावर नव्हतं. त्यापायी आमच्या घरात जे दोन दिवस गेले, ते आणखी कुणाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या यजमानांचा गुडघा बदलला. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली होती, एका वेळी दोन, दिवसातून तीनदा. पुढे लिहिलं होतं, 'पुढच्या तपासणीपर्यंत चालू'. तपासणी सहा आठवड्यांनी. चोवीस दिवस आम्ही नेमाने गोळ्या घेतल्या. पंचविसाव्या दिवशी ह्यांना वाटलं, आता काठी टेकत का होईना, चालता येतंय, उगाच पोटात गोळ्या कशाला ढकलायच्या? सकाळची घेतली नाही, दुपारची नाही, रात्रीची नाही. मलाही ते पटलं होतं. गोळी सुटली म्हणजे माणूस बरा झाला, असंच आपण धरून चालतो.

त्याच संध्याकाळी नाक गळायला लागलं. मी सर्दीची गोळी दिली. रात्री जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि झोप मात्र नावाला नाही. "पाय कुठे ठेवू तेच कळत नाही गं," म्हणत सारखी कूस बदलणं चाललं होतं, तेही नुकतं ऑपरेशन झालेल्या गुडघ्यानिशी. दंडावर उभा राहिलेला काटा मला दिव्याच्या उजेडात स्पष्ट दिसत होता. अंगाला घाम, पण ताप मोजला तर नाही. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं, आणि ती रात्रही तशीच गेली. मला धास्ती होती ती गुडघ्यात जंतुसंसर्ग झाल्याची. तिसऱ्या दिवशी सकाळी दुखणं सोसवेना म्हणून ह्यांनी त्याच दोन गोळ्या घेतल्या आणि तासाभरात सगळं थांबलं. नाक, पोट, पाय, सगळंच.

तेव्हा माझ्याकडे बघत ते म्हणाले, "अगं, मला व्यसन लागलं का?" जन्मात कशाला शिवले नाहीत असे हे. त्यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला आणि पहिल्यांदा कुणीतरी नीट समजावून सांगितलं. ट्रॅमाडॉल मॉर्फिनच्या कुळातलं. मॉर्फिनइतकं जोरकस नाही, पण वाट तीच. अशी औषधं रोज ठरल्या वेळी घेतली की काही दिवसांत शरीर त्यांना सरावतं. मग एकदम काढून घेतली की शरीर बंड करतं. नाक गळणं, जांभया, घाम, अंगावर काटा, जुलाब, पायांची तगमग, झोप उडणं ही त्याचीच लक्षणं. ज्यांचा असर लवकर उतरतो अशा गोळ्यांच्या बाबतीत शेवटच्या मात्रेनंतर आठ ते चोवीस तासांत ती सुरू होतात आणि चार ते दहा दिवस राहू शकतात. हे व्यसन नव्हे. दुखत नसतानाही गोळी हवीशी वाटते, ठरल्यापेक्षा जास्त घेतली जाते, घरच्यांपासून लपवली जाते, नुकसान डोळ्यांना दिसत असूनही सुटत नाही, ते व्यसन. शरीर सरावणं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हे एवढं बोलणं घरी सोडतानाच झालं असतं, तर त्या दोन रात्री आल्या नसत्या.

डॉक्टरांनी मग आराखडा दिला. दिवसाला सहा गोळ्या होत्या, त्यातली दर दोन दिवसांनी एक कमी करायची. आधी दुपारची, कारण त्या वेळी दुखणं सगळ्यांत कमी असायचं. झोपतानाची सर्वांत शेवटी. अकरा दिवसांत गोळी सुटली. एकदा, तीन गोळ्यांवर आलो तेव्हा, त्रास वाटला, तर दोनाऐवजी तीन दिवस तिथेच थांबलो. घाईचं काम नव्हतंच. हा हिशोब ह्यांच्यापुरता होता, कृपया कुणी त्याची नक्कल करू नये. तीन-चार दिवसच गोळी घेतली असेल तर इतकं लांबवावं लागत नाही, आणि वर्षानुवर्षं घेत असलेल्यांना दर महिन्याला दहा टक्के इतक्या सावकाश उतरावं लागतं. ते डॉक्टरच ठरवतील. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये डॉक्टरांना मुद्दाम इशारा दिला होता, की शरीर सरावलेल्या रुग्णांची अशी औषधं अचानक बंद करू नका. आणि बरेच दिवस गोळी सुटल्यावर दुखलं म्हणून जुन्याच मात्रेने पुन्हा सुरू करणं हे तर त्याहून धोक्याचं. मधल्या काळात तेवढी मात्रा सोसण्याची शरीराची ताकद गेलेली असते.

त्याच फोनवर डॉक्टरांनी विचारलं, "सर्दीची गोळी चालूच आहे का?" चालू होती. तिचं पाकीट उलटून पाहिलं, तर त्यातही पॅरासिटामॉल. दुखण्याच्या सहा गोळ्यांतून ३२५ मिलिग्रॅमप्रमाणे १,९५० मिलिग्रॅम, सर्दीच्या तीन गोळ्यांतून ५०० प्रमाणे १,५००. एकूण ३,४५०. धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,००० धरतात, आणि यकृत नाजूक असेल तर तीही कमी करावी लागते. अजून कुणी 'अंग दुखतंय तर एक पॅरासिटामॉल घे' म्हटलं असतं, तर आम्ही तिच्या अगदी काठावर किंवा पलीकडेही गेलो असतो. शिवाय सर्दीच्या गोळीने गुंगी येते, ती वेगळीच. तेव्हापासून मी एका वहीत वेळ, गोळी आणि मात्रा असे तीन रकाने आखले. वही नसती तर मधे थांबायचं कुठे आणि पुढे उतरायचं केव्हा, हे मला समजलंच नसतं.

बद्धकोष्ठतेबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. या कुळातल्या गोळ्यांनी आतडी सुस्तावतात आणि इतर त्रासांसारखी याची शरीराला सवय होत नाही. पाचव्या दिवशी ह्यांना गुडघ्यापेक्षा पोटाचा त्रास जास्त होता. रेचक पहिल्याच दिवसापासून विचारून घ्यायचं असतं, हे आम्हाला नंतर कळलं.

आता एक भीती आहे. हे वाचून कुणी उद्यापासून गोळीच नको म्हणेल. कृपा करून तसं करू नका. 'थोडं सोसावं माणसाने' हे वाक्य ऑपरेशननंतर कामाचं नाही. पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर दुखतं म्हणून खोल श्वास घेतला नाही, खोकला दाबला, तर छातीत कफ साठतो आणि न्यूमोनिया गाठतो. पाय हलवला नाही तर रक्ताची गुठळी होऊ शकते, गुडघा आखडतो. सुरुवातीच्या दिवसांत व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घेतल्यामुळेच ह्यांचा गुडघा वाकला, हे मी स्वतः पाहिलं आहे. दुखणं शून्यावर आणायचं नसतं. उठता-बसता यावं, झोप लागावी, व्यायाम करता यावा, इतकं पुरतं. शिवाय बर्फाने शेकणं, पाय उंचावर ठेवणं, डॉक्टरांनी चालतील म्हटलेल्या साध्या वेदनाशामक गोळ्या, याने जोरकस गोळीची गरज कमी होते. साध्या गोळ्यांनाही मूत्रपिंडाच्या आणि अल्सरच्या रुग्णांनी जपायचं असतं.

आणि काही गोष्टींत तडजोड नाही. या गोळ्यांबरोबर दारू नाही. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नाहीत, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतात. झोपेत घोरता घोरता ज्यांचा श्वास अडतो, त्यांनीही तसं आधी सांगावं. सावकाश विरघळणारी गोळी कधीही कुटून किंवा चावून घेऊ नये, दिवसभराचं औषध एका दमात अंगात जातं. ट्रॅमाडॉल असेल, तर पूर्वी फिट आली होती का आणि नैराश्याची औषधं चालू आहेत का, हे आवर्जून सांगावं. माणूस हलवूनही जागा होत नाही, श्वास तुटक आहे, ओठ निळसर पडलेत, असं दिसलं तर विचार करत बसू नये, तातडीने मदत मागवावी. नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

डॉक्टरांना यात दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही, कारण त्यांनाही बरीच वर्षं चुकीचं सांगितलं गेलं. १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये संपादकांना आलेलं एक पत्र छापून आलं, जेमतेम पाच वाक्यांचं. रुग्णालयात अशी औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, ज्यांना आधी व्यसन नव्हतं अशांत, फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, असं त्यात होतं. ते सगळे रुग्ण रुग्णालयात, देखरेखीखाली होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात काहीच नव्हतं. तरी ते पत्र ६०० हून अधिक वेळा पुढे उद्धृत झालं, बहुतेक वेळा 'व्यसन लागत नाही' याचा पुरावा म्हणून. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकाने ही मोजदाद छापली आणि जुन्या पत्राला सावधगिरीची टीप जोडली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की पूर्वी कधी अशी गोळी न घेतलेल्यांपैकी सुमारे सहा टक्के लोक ऑपरेशननंतर तीन महिने उलटले तरी ती घेत होते. ऑपरेशन मोठं असो की छोटं, प्रमाण जवळपास सारखंच.

आमच्याकडे शेवटी चौदा गोळ्या उरल्या. एका नात्यातल्या बाईंनी कंबर दुखते म्हणून दोन मागितल्या. मी नाही म्हटलं, त्यांना राग आला. पण एकाच्या मापाची मात्रा दुसऱ्याचा श्वास थांबवू शकते, आणि घरात लहान मूल असेल तर खणात पडलेली पट्टी हा टांगता धोका असतो. मी त्या औषधाच्या दुकानात विचारून सोपवल्या. हेसुद्धा कागदावर एका ओळीत लिहिता आलं असतं.

ह्यांचा दुसरा गुडघा काही महिन्यांनी करायचा आहे. या वेळी ऑपरेशनच्या आधीच आम्ही चार प्रश्न घेऊन जाणार आहोत. गोळीत नेमकं काय काय आहे? अंदाजे किती दिवस? कमी कुठल्या क्रमाने करायची? आणि त्या दिवसांत रात्री-अपरात्री अडचण आली तर फोन कुणाला करायचा? उत्तरं त्यांच्या हस्ताक्षरात, त्याच कागदावर लिहून मागणार आहोत. ज्या डॉक्टरांच्या वाचनात हे पत्र येईल, त्यांनी रुग्णाने विचारायची वाट न पाहता ती लिहून द्यावीत, एवढी विनंती.

आपली,
एक नियमित वाचक