निदान तोंड तरी पाहू द्या

संपादक महोदय,

'मृतदेह घरी न आणता रुग्णालयातून थेट स्मशानात न्यावा' असे सुचवणारे पत्र आपल्या अंकात वाचले. लिफ्टची, पार्किंगची अडचण मला मान्य आहे. आम्हीही तिसऱ्या मजल्यावरच राहतो. पण 'त्यामुळे अंत्यदर्शनाचा सोपस्कारही वाचेल' हे वाक्य खटकले. मी सरकारी रुग्णालयातली निवृत्त परिचारिका आहे.

माझा धाकटा भाऊ सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाने गेला. रुग्णालयाने पिशवी उघडायला साफ नकार दिला. वास्तविक, कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन पिशवीची तोंडाकडची चेन उघडावी आणि नातेवाइकांना एकदा दर्शन घेऊ द्यावे, ही मुभा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या सूचनांतच होती. मनाई होती ती आंघोळ घालायला, मिठी मारायला. पण वाचतो कोण! आई आजही विचारते, "त्यात आपला पोरगाच होता कशावरून?" वर्षश्राद्ध झाले, तरी रेशनकार्डावरचे त्याचे नाव ती कमी करू देत नाही. वडील घरीच वारले होते. आईने स्वतः त्यांचा भांग पाडला, तोंडात तुळशीपत्र ठेवले, ऊर फुटेस्तोवर रडली. त्यांच्याबद्दल ती आज मोकळेपणी बोलते. भावाचा विषय निघाला की उठून आत जाते.

"तुला बघवणार नाही" म्हणत बायकोला, मुलांना बाजूला नेणारे काका-मामा मी नोकरीत खूप पाहिले. हेतू चांगलाच असतो, पण त्या बायको-मुलांना विचारत कुणी नाही. पाहायचे नसेल त्याच्यावर सक्ती नको. पाहायचे असेल, मग ते दहा वर्षांचे पोर का असेना, त्याला आधी सांगावे की अंग गार लागेल, रंग बदललेला असेल, आणि मग आत न्यावे. डोळे मिटवणे, हनुवटी बांधणे, पोस्टमार्टेम नसेल तर नळ्या काढून चिकटपट्टीचे डाग पुसणे, हे काम आमचे. ते लगेच करावे लागते, कारण काही तासांत जबडा आखडतो.

अपघातात चेहरा दाखवण्यासारखा राहिला नसेल तर हात दाखवावा. एका बाईंना आम्ही त्यांच्या रिक्षावाल्या नवऱ्याचा फक्त उजवा हात दाखवला होता. तळव्यावरचे घट्टे त्यांनी बराच वेळ चाचपले, मग उठून पंचनाम्याच्या कागदांचे विचारू लागल्या. तोवर त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

घरी न्यायचे नसेल तर नका नेऊ. मग शवागाराला लागून एक खोली, पंखा आणि चार खुर्च्या एवढी सोय रुग्णालयांनी करावी. नगरपालिकांनीही गॅसदाहिनीचे नवे आराखडे करताना मृतदेह आत सरकवणाऱ्या ट्रॉलीच्या अलीकडे तेवढी जागा धरावी. आज तिथे मागची गाडी थांबलेली असते आणि कर्मचारी "आटपा" म्हणत असतो. त्याचाही नाइलाज असतो.

एक निवृत्त परिचारिका, मिरज