दारू सुटली म्हणजे काउन्सेलर झालो असं नसतं

संपादक साहेब, नमस्कार.

व्यसनमुक्तीच्या शपथेचे फोटो पेपरात नेहमी येतात, मागे बॅनर, मधे पाहुणे, पुढे हात वर केलेली पोरं. पण शपथेच्या दुसऱ्या दिवशी ज्याचे हात थरथरतात त्याच्याशी बोलणार कोण, हे कुठंच येत नाही म्हणून लिहितोय.

मी शिरपूर तालुक्यातला. अकरा वर्षं प्यायलो, सात वर्षं झाली बंद आहे. त्यामुळे कोणाच्या घरी पिण्यावरून भांडण झालं की मलाच बोलावतात आणि मलाही वाटायचं, आपण भोगलंय म्हणजे आपल्याला सगळं कळतं. चार वर्षांपूर्वी पाड्यावरच्या एकाला छातीठोक सांगितलं, आजपासून थेंब नको, घराबाहेरच पडू नको. तो सकाळी उठल्यापासून पिणारा. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसायला लागले, अंग घामानं ओलंचिंब, बायकोला ओळखेना. गाडी करून दवाखान्यात नेला तर डॉक्टर माझ्यावरच भडकले, म्हणे इतकं पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली तर माणूस जातो, औषधं देऊन नजरेखाली ठेवावं लागतं. वाचला तो. मी मात्र पुढे कितीतरी दिवस कोणाला सल्ला द्यायला गेलो नाही.

मग रीतसर शिकावं म्हटलं. मी बी.ए., तेही मराठी घेऊन, आणि जिथं विचारलं तिथं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची डिग्री, नाहीतर सायकॉलॉजी हवं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे, तिथं व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे काउन्सेलर झालीत, बंगळूरला निम्हान्स ही मानसिक आजारांची मोठी सरकारी संस्था आहे, पण घरची कपाशी कोणाच्या भरवशावर टाकून जाऊ?

बरं, नुसत्या डिग्रीनंही भागत नाही. शिकलेली पोरं एकदा फॉर्म घेऊन आली होती, माणसाचं पिणं किती धोक्याचं ते तपासायचा, जागतिक आरोग्य संघटनेचा दहा प्रश्नांचा असतो तो, ऑडिट म्हणतात. त्यात विचारलंय, पिता त्या दिवशी किती ड्रिंक घेता. आता मोहाची पिणारा काय सांगणार? तो बाटलीत मोजतो नाहीतर पैशात, आणि प्रत्येक भट्टीची दारू कमीजास्त कडक. शेवटी पोरांनीच अंदाजे आकडे भरले. त्यात सगळी बोलणी पुस्तकी मराठीत, समोरचा पावरा आदिवासी माणूस आपला "हो साहेब, हो साहेब". "पेवानं मन व्हई ऱ्हायनं" (प्यायचं मन होतंय) हे माणूस अहिराणीतच बोलतो हो, फॉर्मवर नाही.

तर माझं म्हणणं एवढंच, की जळगावच्या आपल्या विद्यापीठानं नाहीतर नाशिकच्या मुक्त विद्यापीठानं खान्देशात सहा महिन्यांचा कोर्स काढावा. त्यात धोक्याची लक्षणं ओळखून डॉक्टरकडे कधी पाठवायचं ते शिकवा, उपदेश न करता ऐकायचं कसं ते शिकवा (हे मला अजून जमत नाही, बायको सांगते), घसरला तर परत कसा उभा करायचा, त्याच्या बायकोशी काय बोलायचं आणि ऐकलेलं पोटात कसं ठेवायचं. निम्मे दिवस सरकारी दवाखान्यात प्रत्यक्ष काम. बारावी झालेल्यालाही घ्या, आणि शिकवणाऱ्यात अहिराणी, पावरी बोलणारं कोणी असू द्या. सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, चांगलीच आहे, पण रात्री अकराला दार वाजतं ते माझं.

आणि वर्ग दिवाळीच्या पुढेमागे ठेवू नका, तेव्हा कापूस वेचणी असते.

आपला एक वाचक, ता. शिरपूर, जि. धुळे
(नाव छापू नका, पोरीचं लग्न जमवायचंय.)